बदली, बिऱ्हाड आणि लिलाव

'लिलाव' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका आहे असे कोणास सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही. उत्सवातल्या प्रसादाच्या नारळापासून सावकाराने जप्त करविलेल्या शेतापर्यंत तो सर्वत्र वावरत असतो. परंतु हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून. त्यांच्या भाषेतील 'लेइलांव' याचा उत्तरेत 'नीलाम' झाला आणि आपल्याकडे 'लिलाव'. यूल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी हिंदुस्थानातील आंग्लभाषेचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली प्रसिद्ध केला. त्यात या शब्दाचा माग अरबी 'इलाम' या शब्दापर्यंत नेलेला आढळतो. त्याचा अर्थ जाहीर करणे, पुकारणे. म्हणजे ज्या शब्दास आपण आज किमतीशी जोडतो त्याच्या मुळाशी किंमत नसून जाहीरपणा आहे. घरातली वस्तू चार लोकांच्या देखत, उघड्यावर, मोठ्याने नाव घेऊन विकणे हा त्याचा गाभा होय. आम्ही ह्या लेखात जी हकीकत सांगणार आहोत तिचे सूत्र हेच आहे, म्हणून प्रारंभीच त्याचा उच्चार केला.

ह्या जाहीरपणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत जिवंत वर्णन आपल्या गोमंतकातलेच आहे. यान हुइखेन व्हान लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्यास येऊन पोहोचला आणि तेथील आर्चबिशपाच्या पदरी लेखनिक म्हणून पाच वर्षे राहिला. म्हणजे जातकुळीने तो आमच्यापैकीच, कारकुनी पेशाचा. दप्तरात बसून डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसास किती दिसू शकते याचा नमुना म्हणून त्याच्या प्रवासग्रंथाकडे बोट दाखवावे. हा ग्रंथ १५९६ साली डच भाषेत निघाला व दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, ज्यास 'रुआ दिरैता' म्हणजे सरळ रस्ता म्हणत, रविवार आणि सणाचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊ लिलाव भरे असे तो सांगतो. उन्हे तापण्यापूर्वी सारा व्यवहार आटोपावयाचा. शहराने नेमलेले पुकारे अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या लटकावून गर्दीतून हिंडत. अरबी घोडे, मसाल्याचे पदार्थ, गालिचे यांच्या बरोबरीने माणसेही विकली जात. गुलाम बायका आणि पुरुष त्याच रस्त्यावर, त्याच आवाजात पुकारले जात. लिन्स्खोटेन हे निर्विकारपणे लिहितो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो.

परंतु आमचे लक्ष वेधून घेतले ते त्याच्या दुसऱ्या एका नोंदीने. गोव्यात कोणी वारला की त्याचे सगळे चीजबसत ह्या लिलावात आणून शेवटच्या दमडीपर्यंत विकले जाई. मग तो खुद्द व्हाइसरॉय का असेना! ह्या चालीचे कारणही तो देतो. मागे राहिलेल्या विधवेस व पोरक्या मुलांस कोणी नाडू नये, वस्तू कितीस गेली हे सर्वांनी पाहावे, म्हणून हा उघडा बाजार. आडपडद्याने विकलेल्या वस्तूची किंमत विकणाऱ्यास आणि घेणाऱ्यास तेवढी ठाऊक असते. रस्त्यात विकलेल्या वस्तूची किंमत गावास ठाऊक होते, आणि गावास ठाऊक असलेली रक्कम गिळणे अवघड असते.

कौटिल्यासही हे तत्त्व ठाऊक होते असे दिसते. त्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर वा शेत विकण्याचा विधी सांगितला आहे. नातलग, शेजारी आणि धनको यांचा हक्क क्रमाने पहिला. नंतर आसपासच्या चाळीस कुटुंबांसमक्ष, विकावयाच्या घरासमोर उभे राहून, ह्या किमतीस कोण घेतो असे तीनदा पुकारावयाचे. चढाओढीने किंमत वाढली तर वाढीव रक्कम राजाच्या कोशात. ही शेवटची तरतूद वाचताना आमच्यातला सरकारी नोकर गालातल्या गालात हसतो. 'एकवार, दोनवार, तीनवार' ही आपली लिलावाची आरोळी थेट ह्या तीनदा पुकारण्यापासून आली, असे म्हणण्याचा मोह होतो खरा, परंतु पुरावा नसताना वंशावळी जुळवू नयेत हे बरे.

इंग्रज कलकत्त्यास स्थिरावले तेव्हा त्यांनी गोव्याचा हा शब्द जसा उचलला तशीच चालही उचलली. लिलावास ते त्या काळी 'पुकारा' ह्या अर्थाचाच इंग्रजी शब्द वापरीत. कलकत्त्याच्या हवेत गोरा माणूस फार दिवस टिकत नसे. दोन पावसाळे काढले म्हणजे पुष्कळ, असे तेथे म्हणत. १७६७ साली उघडलेल्या पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत आजही हिंडून यावे. विशीतल्या आणि तिशीतल्या माणसांवर उभारलेले ते उंच मनोरे पाहून छाती दडपते. हा मेलेला माणूस बहुधा एकटा असे. त्याचे आप्त सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाच्या पलीकडे. अशा वेळी मृत्युपत्रे व वारसाहक्क पाहणाऱ्या न्यायालयापुढे, प्रथम १७२६ च्या सनदेने स्थापिलेल्या मेयरच्या कोर्टापुढे आणि १७७४ पासून सुप्रीम कोर्टापुढे, त्याच्या मालमत्तेची यादी दाखल करावी लागे. खोलीखोलीतून फिरून कारकून लिहून घेत: खुर्च्या किती, हुक्के किती, मच्छरदाण्या किती, पालखी एक, शर्ट किती आणि त्यांतले फाटके किती. लिलाव झाल्यावर प्रत्येक वस्तूपुढे घेणाराचे नाव व रक्कम. ह्या याद्यांचे खंडच्या खंड आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मोठमोठ्या इतिहासग्रंथांत जे सापडत नाही ते त्यांत सापडते. कोण कशावर निजत असे, कशात जेवत असे, आणि त्याच्या मरणानंतर आठवड्याभरात त्याच्या ताटात कोण जेवू लागले. लेखणी हाती धरून रकाने भरण्याच्या धंद्यास लोक हसतात, आम्हीही कधी कधी हसतो, परंतु ह्या याद्या आठवल्या की हसू आवरते.

जिवंतपणी परतणाऱ्यांचीही संख्या कमी नव्हती. हिकीच्या 'बेंगाल गॅझेट'चा पहिला अंक १७८० च्या जानेवारीत निघाला आणि १७८४ साली 'कलकत्ता गॅझेट' सुरू झाले. ही पत्रे चाळली तर बातम्यांहून विक्रीच्या जाहिराती अधिक वाचनीय वाटतात. अमुक साहेब विलायतेस निघाले, सबब त्यांचे सामान, घोडे, बजरा, मदिरेची पिंपे विकणे आहेत. त्याच स्तंभांत एखादा पोरगा विकणे आहे अशीही जाहिरात येई. त्याला स्वयंपाक येतो, केस विंचरता येतात, वगैरे. गुलामी हिंदुस्थानच्या कायद्यातून उखडावयास १८४३ साल उजाडावे लागले. घरसामानाच्या विक्रीचा इतिहास म्हणजे घरगुती गोडधोड गोष्ट नव्हे, हे वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावे.

परतणाऱ्यांतला सर्वांत मोठा माणूस वॉरन हेस्टिंग्ज. तो १७८५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता सोडून गेला. एवढ्या मोठ्या माणसाचे बिऱ्हाड मोडताना जी धांदल झाली असेल तिची कल्पना, ज्याने दोन खोल्यांचे बिऱ्हाड मोडले आहे त्यालाही करता येईल. ह्या धांदलीत त्याचे एक जुने काळ्या लाकडाचे, खणांचे मेज नाहीसे झाले. आत दोन लहानशी चित्रे आणि खासगी कागदपत्रे होती. १७८७ साली कलकत्ता गॅझेटात जाहिरात आली की, हे मेज एस्प्लनेडवरील घरातून एक तर चोरीस गेले किंवा इतर सामानाबरोबर चुकून लिलावात विकले गेले. आतील वस्तू परत मिळतील अशी खबर देणारास दोन हजार सिक्का रुपये बक्षीस. मेजाला किंमत नव्हती, खणांना होती. पुढे ज्याच्यावर वर्षानुवर्षे पार्लमेंटापुढे खटला चालावयाचा होता त्या माणसाची खासगी कागदपत्रे कलकत्त्यातल्या कोणा कबाड्याच्या दुकानी दाखल झाली असतील, ही कल्पनाच मोठी चमत्कारिक आहे. विक्रीपूर्वी प्रत्येक खण उघडून पाहावा हा नियम घरोघरच्या बायका सांगत आल्या आहेत. गव्हर्नर जनरलास तो सांगावयास कोणी नव्हते.

इंग्रजांचा अंमल देशभर पसरला तसा लिलावही जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. ह्या भागावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आमच्या मते आजच्या बदलीवाल्या नोकराचा खरा पूर्वज येथे भेटतो. कलेक्टर, जज, पलटणीचा कॅप्टन, सगळे दर दोन-तीन वर्षांनी उठत. रेल्वे नव्हती तोवर सामान बैलगाडीवर किंवा उंटावर. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८८ साली मडमांसाठी गृहव्यवस्थेचे एक जाडजूड पुस्तक काढले. त्यात एका कुटुंबाने थंड हवेच्या ठिकाणी जाताना सामान कसे लादावे हे उंटांच्या क्रमाने सांगितले आहे. उंट लागतात अकरा! ज्यांना अकरा उंट परवडत नसत त्यांच्यापुढे मार्ग एकच. नेण्यासारखे तेवढे न्यावे आणि बाकीचे विकून टाकावे. ह्यातूनच सुटे करता येणाऱ्या लाकडी सामानाचा प्रकार निघाला. दोन तुकड्यांत विलग होणाऱ्या, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेल्या पेट्या, घडीच्या खुर्च्या, पाय फिरवून काढता येणारी टेबले. आज ह्या वस्तू विलायतेत मोठ्या किमतीस विकल्या जातात. त्या काळी त्यांचा गुण एवढाच की त्या उंटाच्या पाठीवर बसत.

विक्रीची तऱ्हा दुहेरी होती. गाव मोठे असेल तर लिलाव. गाव लहान असेल तर यादी. साहेब आपल्या सामानाची यादी करी, प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिही, आणि चपराशी ती घेऊन बंगल्याबंगल्यांतून हिंडे. ज्यास जी वस्तू हवी त्याने तिच्यापुढे आपले नाव लिहावयाचे. संध्याकाळपर्यंत यादी भरून परत. ह्या पद्धतीत घासाघीस नाही, घराच्या दारात गर्दी नाही, आणि आपली झिजलेली सतरंजी कोणी उलटीपालटी करून नाक मुरडीत पाहिली हेही दिसत नाही. एकच पलंग, एकच जेवणाचे टेबल, एकच पियानो त्याच गावात एका साहेबाकडून दुसऱ्याकडे वर्षानुवर्षे फिरत राही. माणसे बदलत, सामान गावातच. पियानोचे सूर त्या उन्हाळ्यांत काय झाले असतील ते कल्पनेनेच जाणावे.

परंतु ह्या यादीत एक मोठी पळवाट होती. साहेबाचा मोडका पियानो गावचा जमीनदार तिप्पट किमतीस घेऊ लागला तर त्यास काय म्हणावे? जमीनदारास पियानो वाजविता येत नव्हता, वाजवावयाचाही नव्हता. त्याला विकत घ्यावयाचा होता तो साहेबाचा निरोपाचा शेकहँड आणि पुढच्या साहेबाच्या कानात दोन चांगले शब्द. नजराण्यावर बंदी होती, खरेदीवर नव्हती. म्हणून सरकारी नोकरांच्या वर्तणुकीच्या नियमांत हळूच एक कलम येऊन बसले. एरवी मौल्यवान वस्तूंच्या खरेदीविक्रीस वरिष्ठांची परवानगी हवी. मात्र गाव सोडून जाणाऱ्या नोकराने आपल्या सामानाची यादी सर्वसाधारण लोकांत फिरवून किंवा जाहीर लिलाव करून ते विकले, तर परवानगी नको. स्वातंत्र्यानंतरही काही राज्यांच्या नियमांत हे कलम जवळजवळ त्याच शब्दांत टिकून राहिले. कलम वाचणाऱ्यास ते सवलतीचे वाटते, परंतु त्याचा कणा म्हणजे 'सर्वसाधारण लोकांत' आणि 'जाहीर' हे शब्द. गोव्याच्या रस्त्यावरचा नियम तीनशे वर्षांनी सरकारी दप्तरात आला तो असा. पोरक्या मुलांच्या रक्षणासाठी जो उघडेपणा हवा होता तोच आता लाच रोखण्यासाठी हवा होता.

आता विक्री करणारा स्वतः घरधनी नसेल तर काय होते ते पाहू. येथे आम्हांस नागपूरकडे वळले पाहिजे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. राज्य जाणे ही गोष्ट त्या काळात लोकांनी पुष्कळ ठिकाणी पाहिली होती. परंतु कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. भोसल्यांचे हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीवर लिलावात काढले गेले व मातीमोलाने विकले गेले. राण्यांचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात विक्रीस गेले. वाड्यातील सामानावर हात पडू लागला तेव्हा वयोवृद्ध बंकाबाईंनी, सामान हलवाल तर वाड्यास आग लावून देईन, असे बजावले. ही हकीकत इंग्रज इतिहासकार के याने १८५७ च्या उठावावरील आपल्या ग्रंथात दिली आहे, आणि तोच पुढे म्हणतो की राज्य घेण्याने लोकांचे मन जेवढे दुखावले नाही तेवढे ह्या विक्रीने दुखावले. आम्हांस त्याचे हे निरीक्षण फार खरे वाटते. खालसा करण्याचा हुकूम कागदावर असतो, त्याची भाषा परकी असते. परंतु दसऱ्याच्या मिरवणुकीत ज्या हत्तीस लोकांनी पाहिले त्याला सीताबर्डीच्या मैदानात बोलीवर चढलेला पाहणे, ह्यास भाषांतर लागत नाही.

दिल्लीत ह्याहून वाईट झाले. १८५७ च्या सप्टेंबरात शहर पडल्यावर विजयी फौजेने लुटीच्या मालाचे व्यवस्थापक नेमले, घरांची जमीन खणून पुरलेले द्रव्य काढले आणि घराघरांतले सामान विकून पैसा वाटून घेतला. मिर्झा गालिब त्या दिवसांत बल्लीमारानमधल्या आपल्या घरी होता. पेन्शन बंद पडलेली. घरातले कपडे आणि अंथरुणे विकून दिवस काढावे लागले हे त्याने १८५८ साली छापलेल्या 'दस्तंबू'त लिहून ठेवले आहे. ज्या शहरात आज आमच्यासारखे शेकडो मराठी नोकर सरकारी वसाहतींतून राहतात त्या शहराच्या जुन्या भागात एके काळी महाकवीची रजई विकली गेली, हे आम्ही तेथून जाताना विसरू शकत नाही.

घरातली वस्तू विकणे म्हणजे घर बुडणे, ही समजूत आपल्याकडे अशा अनुभवांतून घट्ट झाली असावी. मराठीत पाहा. 'भांडी विकून खाल्ली', 'घरावर जप्ती आली', 'चूल मोडली' हे सगळे दुर्दैवाचे शब्द. स्वखुशीने दारात सामान मांडून विकण्यास आपल्याकडे साधा शब्दही नाही. कायद्यालाही ह्या भीतीची जाणीव आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात, ऋणकोच्या घरातून काय जप्त करून विकता येणार नाही ते सांगितले आहे. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरुणे, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीस जे दागिने उतरविता येत नाहीत ते. मंगळसूत्राचे नाव कलमात नाही, पण कोर्टातल्या प्रत्येक मराठी कारकुनाच्या डोळ्यांसमोर तेच येत असणार. रुक्ष संहितेतले हे एक कलम आम्हांस एखाद्या घराच्या चित्रासारखे वाटते.

अर्थात विकणे बंद नव्हते, फक्त ते उघड नव्हते. तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीत जात आणि तोळामासा हिशेब करून नवी येत. दुपारी पुरुषमाणसे कचेरीत गेली की दारात बोहारीण येई. जुन्या साड्या, कोट, धोतरे देऊन एखादे पातेले घ्यावयाचे. ह्या सौद्यातली झुंज ज्याने लहानपणी उंबऱ्यात बसून पाहिली असेल त्याला बाजारशास्त्र निराळे शिकावे लागत नाही. साडीची जर हातावर घासून पाहणारी बोहारीण आणि पातेल्याचा बूड वाजवून पाहणारी गृहिणी, दोघीही कसलेल्या. दोघींनाही ठाऊक असे की सौदा मोडला असे दोनदा तरी म्हटल्यावाचून तो जुळत नाही. पण पैशाचे नाव नाही! वस्तू विकली असे म्हणावयाचे नाही, 'दिली' म्हणावयाचे. दिल्लीत हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या बाया करीत आल्या. त्यांनी घरोघर गोळा केलेले कपडे रघुबीरनगरच्या घोडा मंडीत पहाटे अंधारात विकले जात. तेथून ते दुरुस्त होऊन पुन्हा कोणाच्या तरी अंगावर.

पेठांतील वाडे पडू लागले तेव्हा अशीच सामानाची एक लाट पुण्याच्या रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात आली. समया, अडकित्ते, कुलपे, पानपुडे, दाराच्या कोरीव चौकटी. लोक ते मोडीच्या भावाने विकीत होते आणि एक गृहस्थ ते वेचून घेत होता. दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता करणारे. अकाली वारलेल्या आपल्या लहानग्या राजाच्या नावे त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले. ते १९९० साली निवर्तले तोवर हजारो घरगुती वस्तू तेथे जमल्या होत्या. मराठी घराने लाजत लाजत जे विकले त्याचा मोठा भाग आज काचेच्या कपाटांत आहे.

१९४७ ची हकीकत आम्ही थोडक्यात सांगणार आहोत. ती मोठी नाही म्हणून नव्हे. ती सांगावयास वेगळा लेख हवा. त्या उन्हाळ्यात सरकारच्याच बिऱ्हाडाची वाटणी झाली. हिरूभाई पटेल आणि चौधरी मुहम्मद अली, दोघेही मुरलेले सनदी अधिकारी, याद्यांवर बसले. रोख शिलकेपैकी साडेसतरा टक्के पाकिस्तानच्या वाट्यास ठरली. खुर्च्या, टेबले, टंकलेखन यंत्रे यांच्याही याद्या झाल्या. साहेब लोक आपले सामान मिळेल त्या भावाने विकून जहाजावर चढले. आणि ज्यांना विकावयास चार दिवसही मिळाले नाहीत अशांची घरे भांड्याकुंड्यांसह तशीच राहिली. सीमेच्या दोन्ही बाजूंस. मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी अभिरक्षक नेमले गेले, १९५० साली त्यांचा कायदा झाला, आणि तो २००५ पर्यंत पुस्तकात राहिला. विकताना ज्याची किंमत नीट आली नाही असे आपण म्हणतो, तो माणूस निदान विकू शकला. ह्यापेक्षा अधिक त्या विषयावर येथे लिहवत नाही.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यापासून, उपनगरांतली घरे आणि त्यांच्यापुढची हिरवळ वाढली तशी, घरापुढे सामान मांडून विकण्याची चाल सर्वसामान्य झाली. तेथे तीत लाज नाही, उलट शेजाऱ्यांची जत्राच भरते. १९८७ पासून तर एका महामार्गाच्या कडेने शेकडो मैल पसरलेली अशी वार्षिक विक्री होत आली आहे. आपल्या सरकारी वसाहतींतही अलीकडे तो वारा लागला आहे. कारण उघड आहे. बदलीच्या नियमाप्रमाणे चौथ्या वेतनस्तरापर्यंतच्या नोकरास १,५०० किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते, पाचव्यास ३,०००, आणि त्यावर ६,०००. उंटांची जागा किलोंनी घेतली, एवढाच फरक. दीड हजार किलो ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु शिसवी पलंग, लोखंडी कपाट, कूलर, शिवणयंत्र, पाटा-वरवंटा आणि मासिकांचे गठ्ठे एकदा काट्यावर चढले की मामला निराळा होतो, आणि दिल्लीतला कूलर चेन्नईच्या दमट हवेत नेऊन करावयाचे तरी काय?

गेल्या काही वर्षांत आमच्या वसाहतीत अशा चार-पाच विक्री आम्ही जवळून पाहिल्या. ज्या फत्ते झाल्या त्या सर्वांत जुनेच नियम पाळलेले दिसले. सकाळी लवकर सुरू करून उन्हे चढण्यापूर्वी संपविणे. यादी आठवडाभर आधी फिरविणे व प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटविणे, म्हणजे शेजारीण संकोचाने रिकाम्या हाताने परतत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार हाती असताना, विक्री करणे. वीस तारखेनंतर येणारे फक्त गप्पा मारून जातात. कूलर एप्रिलात विकावा, ऑक्टोबरात त्यास कोणी विचारत नाही. आणि नातेवाइकांना आदल्या दिवशीच सामान दाखवून मोकळे व्हावे, हे तर कौटिल्यच सांगून गेला आहे. ज्या विक्री फसल्या त्यांत घरधनी प्रत्येक वस्तूबरोबर तिची हकीकतही विकू पाहत होता. हकीकतीस गिऱ्हाईक नसते.

नोकरी केंद्र सरकारची असल्यास आणखी एक गोष्ट. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू विकली तर महिन्याच्या आत कळवावे लागते, आणि घेणाराचा आपल्या कचेरीशी कामकाजाचा संबंध असेल तर पूर्वपरवानगी हवी. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांनी आपली मोटार विकण्यापूर्वी असा अर्ज रीतसर केला. घेऊ इच्छिणारा त्यांच्याच विभागाचा पुरवठादार होता आणि बाजारभावाहून चाळीस हजार अधिक देण्यास तयार होता. गृहस्थांच्या पत्नीचे म्हणणे, देतो तर घ्यावे, मुलीचे लग्न तोंडावर आहे. अर्जावर उत्तर येईपर्यंत पुरवठादार तीनदा घरी येऊन गेला आणि प्रत्येक वेळी मिठाईचा पुडा मागे ठेवून गेला. तिसऱ्या पुड्यानंतर गृहस्थांनी अर्ज मागे घेतला, मोटारीची यादी वसाहतीच्या फलकावर लावली, आणि चौथ्या मजल्यावरच्या शिक्षकाने ती बाजारभावाने नेली. मिठाईचे तिन्ही पुडे त्यांनी न उघडता परत पाठविले होते, त्यांपैकी दोनच पोहोचल्याची पोच आली.